टिक-अताचा कंट्रोलर

शनिवार, ५ नोव्हेंबर

आज तिन्ही डाव हरलो. सलग चौथा शनिवार. ही नोंद तक्रार म्हणून नव्हे, विधान म्हणून करतो. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना मुलांना सांगत आलो की नाण्याचा सहा वेळा छापाच पडला तर नशीब पाहू नये, नाणे पाहावे.

नाणे पाहू. टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र जुने आहे: चौऱ्याण्णव साली माझा मुलगा उलान सहा वर्षांचा असताना बाजारात एक मेंढा देऊन घेतलेले. उलान आता कझानला इमारती बांधतो. यंत्र माझ्याकडे राहिले, आणि त्याच्यासमोर शनिवारी दुपारी माझा मित्र तोक्तोसुन आणि मी बसतो. दोन रणगाडे, दोन विटांचे किल्ले. ज्याचा किल्ला आधी पडेल तो हरला. खेळ तोच, पडदा तोच, खेळणारे तेच. एकच गोष्ट बदलली. १५ ऑक्टोबरला तोक्तोसुनने यंत्राचा तारेचा कंट्रोलर बाजूला सारून स्वतःचा आणला: काळा, बिनतारी, दोन मुठींचा, आजकालच्या मुलांच्या हातात असतो तसा. जुन्या खाचेत तो बसत नाही म्हणून मध्ये आगपेटीएवढी एक डबी खोचली. तेव्हापासून तो जिंकतो.

"कुर्दाश, तुझा रणगाडा भिंतीशी काय कुजबुजत होता आज?" तो म्हणाला. "सारखा जाऊन चिकटत होता." कुर्दाश म्हणजे समवयस्क; आम्ही एकाच वर्षी जन्मलो, त्यामुळे थट्टेचा हक्क त्याला जन्मजात आहे आणि तो हा हक्क वाया घालवीत नाही.

"मी बटण एकदा दाबतो आणि ते दोनदा लागते. माझ्या कंट्रोलरशी कोणीतरी खेळले आहे."

"अरे, तीस वर्षांचा झाला तो! तीस वर्षांची गाढवीसुद्धा एका हाकेला दोनदा ओरडते."

चहा सांडला. उलानची बायको मेरीम हिने चहाच्या नव्या वाट्या आणल्या आहेत, जाड बुडाच्या आणि जड. जुन्या पातळ वाट्यांना तडे गेले होते असे ती म्हणते. मला तडे दिसले नव्हते. ओली वाटी एका हातातून निसटते, हा वाटीचा दोष.

सोमवार, ७ नोव्हेंबर

माझ्या कोटाची बटणे काढून त्या जागी हूक लावलेले आढळले. मेरीम शिवणकाम करते, तेव्हा कोण हा प्रश्न उद्भवत नाही. का हा उद्भवतो.

"बटणं सैल झाली होती, अता," ती म्हणाली. सून मला बापाच्या नात्याने अता म्हणते. तिच्या वागण्यात आजवर खोट काढता आली नाही, आणि म्हणूनच पुढील गोष्टी क्रमाने लिहून ठेवतो. ऑगस्टमध्ये मी चहा पीत असताना तिने फोन माझ्या हातावर रोखला होता. विचारल्यावर म्हणाली, मांजराचं चित्र घेतेय. मांजर त्या वेळी छपरावर होते. सप्टेंबरमध्ये ती दोनदा गेनादीच्या दुरुस्तीच्या दुकानात शिरताना दिसली. शिवणयंत्राची मोटर, असे उत्तर मिळाले. मोटर बिघडल्याचे त्याआधी किंवा नंतर कधी ऐकले नाही.

अल्माटीचे हौशी लोक अशी जुनी यंत्रे शोधीत फिरतात, असे ऐकून आहे. यंत्र विकले जाणार असेल तर ते मला सांगून विकले जावे.

आजकालची पेनेही वाईट. ओळ वर चढते.

बुधवार, ९ नोव्हेंबर

माझा कंट्रोलर रुमालात बांधून गेनादीकडे गेलो. सगळे रशियन निघून गेले तेव्हा तो राहिला. कारण विचारले तर म्हणतो, खिळखिळ्या वस्तू इथेच जास्त आहेत.

त्याने कंट्रोलर उघडला, फुंकर मारली, भिंगातून पाहिले.

"काही झालेलं नाही, कालमुरात असानोविच. रबर जरा झिजलंय. बाकी ठणठणीत आहे. जरा हा स्क्रू-ड्रायव्हर धरता का?"

मी धरला. त्याने माझ्या हाताकडे पाहिले आणि लगेच तो परत घेतला. "राहू द्या." असे निरर्थक वर्तन मी तज्ज्ञांमध्ये नेहमी पाहिले आहे.

मग तोक्तोसुनच्या डबीविषयी विचारले. उत्तर इतके स्वच्छ होते की जसेच्या तसे उतरवतो.

"जुनं यंत्र सेकंदाला साठ वेळा तेच आठ प्रश्न विचारतं. वर? खाली? डावं? उजवं? आणि चार बटणं. कंट्रोलरनं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. नवा कंट्रोलर बडबड्या. त्याला दांडी असते, तो सांगतो, थोडंसं उजवीकडे, फार नाही. जुन्याला असलं 'थोडंसं' कळत नाही. म्हणून मधे दुभाषा बसवायचा."

आठ विधाने, प्रत्येक खरे किंवा खोटे, तिसरे काही नाही! तीस वर्षे ज्या वस्तूला मी खेळणे समजत होतो तिच्यात माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांहून अधिक शिस्त होती.

"हा दुभाषा खोटे बोलू शकतो का?"

"खोटं नाही बोलत. ऐकलेलं सगळं सांगत नाही, एवढंच. दांडी जराशी थरथरली तर मी त्याला शिकवून ठेवतो, तिकडे लक्ष देऊ नकोस. एक बटण पटकन दोनदा दबलं तर एकदाच धर."

तो किटली ठेवायला आत गेला. वही उघडी होती. उघडी वही वाचणे म्हणजे वही उघडणे नव्हे. नोंद अशी: 'टिक-अता. दांडीला मोकळीक सगळ्यात जास्त. दुबार दाब धरायचा नाही. १५ ऑक्टो., तोक्तोसुन घेऊन गेला.'

"हा टिक-अता कोण?" तो परतल्यावर मी विचारले.

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नसतो," तो म्हणाला आणि मिशीत हसला.

निष्कर्ष. ती वस्तू तोक्तोसुनची नाही. ती हात थरथरणाऱ्या कोणा वृद्धासाठी बनवलेली आहे. तोक्तोसुनने चाळीस वर्षे घाटांतून ट्रक हाकले. त्याचे हात दगडासारखे स्थिर आहेत. म्हणजे एका पंगू माणसाच्या सोयीची वस्तू हा धडधाकट मनुष्य माझ्याविरुद्ध शस्त्र म्हणून वापरतो आहे. तो बिचारा या क्षणी कोठेतरी हात मांडीवर ठेवून बसला असेल.

टिक म्हणजे ताठ. ताठ बाबा. असली नावे सुनाच ठेवतात. सासरच्या वडीलधाऱ्याचे नाव सुनेच्या तोंडी येऊ नये हा आपला दंडक, तेव्हा ती एखादे गुणावरून पाडते. यामागे कोणा घरची सून आहे इतके निश्चित. आमच्या कराकोल गावात या वयात ताठ बसणारे किती? बराच विचार केला. डोळ्यांसमोर एकही येत नाही. मी माझा अपवाद अर्थातच धरला आहे.

शनिवार, १२ नोव्हेंबर

पुन्हा तिन्ही. तिसऱ्या डावात माझा रणगाडा स्वतःच्याच किल्ल्यावर गोळी झाडून बसला.

तोक्तोसुनने काळा कंट्रोलर माझ्यापुढे धरला. "घे. आज तू यानं खेळ, मी तुझ्या गाढवीवर बसतो."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? बघ की हातात धरून. बसेल तुझ्या हाताला."

"माझ्या हाताला जे बसते ते मी तीस वर्षे वापरतो आहे."

"हट्टी म्हातारा! अरे, काय चावणार आहे का तो तुला?"

घेतला नाही. अपराधी स्वतःहून पुरावा पुढे करतो तेव्हा तो पुरावा नसतो, सापळा असतो. शिवाय दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूला हात लावून मी त्याच्या अपराधात सहभागी होणार नाही.

तो निघताना मेरीम फाटकापर्यंत गेली. दोघे हळू बोलत होते. मी खिडकीशी जाताच गप्प झाले. "घेत नाही गं," एवढे मात्र ऐकू आले.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

मोहल्ल्याच्या अक्साकालांच्या, म्हणजे वडीलधाऱ्या पंचांच्या, न्यायसभेकडे तक्रार दाखल केली. तिचा अध्यक्ष नऊ वर्षे मीच आहे, म्हणून प्रथम या प्रकरणापुरता अध्यक्षपदाचा त्याग केला आणि सभेच्या खोलीच्या किल्ल्या आशिरालीच्या हाती दिल्या. आशिराली निवृत्त पशुवैद्य. त्याने तक्रार दोनदा वाचली.

"गाईचा तंटा असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "कुंपणाचाही चालला असता. कालमुरात, तोक्तोसुन तुझा जीवाभावाचा माणूस ना रे? भर सभेत त्याला लबाड म्हणणार? एकदा म्हटलंस की शनिवार संपले तुझे."

"जे सिद्ध करता येते ते म्हणणे भाग आहे."

"सिद्ध करता येतं ते सगळंच म्हणत बसलो असतो तर माझं लग्न टिकलं नसतं."

शनिवार संपतील, हे मी विचारात घेतले आहे. रात्री झोप चांगली लागली नाही हेही येथे नोंदवतो. अप्रिय पुरावा दडपण्याची मला सवय नाही.

तक्रार लिहायला चार कागद फुकट गेले. "मी लिहून देऊ, अता?" मेरीमने विचारले. नको म्हणालो. प्रतिपक्षाशी बोलणाऱ्याला मसुदा दाखवू नये.

रविवार, २० नोव्हेंबर

एक अडचण उद्भवली आहे. तारखा पक्क्या करण्यासाठी या वहीची मागची पाने चाळली. माझा पराभव १५ ऑक्टोबरला सुरू झाला अशी माझी समजूत होती. वही तसे म्हणत नाही. माझा शेवटचा विजय मार्चच्या अखेरचा आहे. २ एप्रिल: दोन डाव हरलो, 'थंडीमुळे'. २१ मे: तिन्ही, 'पडद्यावर ऊन'. ९ जुलै: तिन्ही, 'तोक्तोसुन फार बोलतो'. १५ ऑक्टोबरपर्यंत एकही शनिवार निर्विवाद माझा नाही, आणि त्या सर्व काळात त्याच्या हातात जुनाच कंट्रोलर होता.

कारण परिणामाच्या नंतर येऊ शकत नाही. हे मी मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवीत असे.

दिवसभर विचार केला. त्यावरून एवढेच सिद्ध होते की लबाड्या दोन आहेत. एक ऑक्टोबरपासूनची, जी मला माहीत आहे; आणि एक मार्चच्या अखेरपासूनची, जी अद्याप सापडलेली नाही. ती आधीची कोणती, हे मात्र मला सुचत नाही.

मागच्या पानांतले माझे अक्षर सुबक आहे. कागद बदलला असावा.

शनिवार, २६ नोव्हेंबर

न्यायसभा काल झाली. काल लिहिले नाही.

वाचनालयाची मागची खोली, कोळशाची शेगडी, पाच अक्साकाल, भिंतीशी गेनादी आणि मेरीम. टेबलावर काळा कंट्रोलर, मध्ये ठेवलेल्या नानसारखा; सगळे त्याच्याकडे पाहत होते आणि कोणी हात लावीत नव्हते.

मी आरोप मांडला. आठ विधाने समजावली, दुभाषा समजावला, वस्तू परक्याची आहे हे वहीतल्या नोंदीवरून दाखवले. चांगले बोललो.

तोक्तोसुन उठला. टोपी हातात. "कबूल. सगळं कबूल. कंट्रोलर माझा नाही. ज्याचा आहे त्याला देऊन टाका आणि मला सोडा, घरी लगमान गार होतोय."

"म्हणजे तू लबाडी केलीस असं लिहून घेऊ?" आशिरालीने विचारले.

"लिही. मोठ्या अक्षरात लिही. पण वस्तू मालकाच्या हातात पडली पाहिजे, हेही लिही."

आशिराली घाईने लेखणी उचलू लागला. तेथे प्रकरण संपले असते. मी जिंकलो असतो.

मी हरकत घेतली. केवळ कबुली हा पुरावा नव्हे, आणि मालक कोण हे ठरल्याखेरीज वस्तू कोणाला परत करणार? टिक-अता हजर व्हावा, निदान त्याचे नाव नोंदवावे, अशी मी मागणी केली.

"कालमुरात," आशिराली म्हणाला, "राहू दे ना."

"का राहू द्यायचे?"

त्याने गेनादीकडे पाहिले. गेनादीने टोपी खालीवर केली. "काम माझ्याकडे हिनं दिलं होतं," तो म्हणाला आणि मेरीमकडे हात केला. "ऑगस्टमध्ये फोनवर एक हात दाखवला. म्हणाली, असा हलतो, याला जमेल असं काही करा."

माझ्या मनात प्रथम विजय आला, हे प्रामाणिकपणे लिहितो. दोन्ही धागे जुळले: सून आणि मित्र, संगनमत. मी तिच्याकडे वळलो.

"कोणासाठी करून घेतलेस?"

"टिक-अतांसाठी."

"त्याचे नाव सांग."

तिने शाल सारखी केली.

"मेरीम, ही न्यायसभा आहे. येथे नाव घ्यावे लागते."

"घेता येत नाही, अता."

"का घेता येत नाही?"

तिने मान खाली घातली. पाचही अक्साकाल शेगडीकडे पाहत होते. तोक्तोसुन टोपीचे अस्तर पाहत होता. आणि ज्याने उत्तर मागितले होते त्या मलाच, ते मिळालेले आहे हे कळायला सर्वांत उशीर लागला.

सून ज्यांचे नाव घेत नाही ते पतीचे वडीलधारे. माझा थोरला भाऊ बारा वर्षांपूर्वी गेला. चुलते त्याआधी. उलानला मोठा भाऊ नाही. त्या वर्गात एकच सभासद उरतो.

मार्चच्या अखेरपासूनची दुसरी लबाडी कोणती, हेही त्याच क्षणी समजले. ती तोक्तोसुनची नव्हती.

"आणखी काही विचारायचंय?" आशिरालीने हळूच विचारले.

"नाही. तक्रार मागे घेतो. आरोपीने दिलेली कबुली खोटी आहे, ती खोडावी."

"अरे, राहू दे की लबाडीचा शिक्का," तोक्तोसुन म्हणाला. "इतकी वर्षं ट्रक चालवला, पोलिसांनी याहून वाईट लिहिलंय."

"खोडावी," मी म्हणालो.

तक्रार मागे घेण्याच्या कागदावर कारणाचा रकाना असतो. तो रकाना मीच नऊ वर्षांपूर्वी घातला. त्यात काही लिहिले नाही. खाली सही केली. आशिरालीने सही पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि कारण विचारले नाही.

घरी येताना बर्फ पडू लागला. मेरीम दोन पावले मागे चालत होती, कंट्रोलर शालीखाली धरून.

"रागावलात, अता?"

"गेनादीच्या नोंदीत चूक आहे," मी म्हणालो. "सगळ्यात जास्त मोकळीक लागणार नाही. मध्यम पुरे."

"सांगते त्यांना."

गुरुवार, १ डिसेंबर

मध्यम पुरली नाही. सगळ्यात जास्त करून आणली.

शनिवार, ३ डिसेंबर

तोक्तोसुन येईल की नाही याची खात्री नव्हती. एक वाजता त्याचे बूट दारात वाजले.

"अध्यक्ष आहेत का घरात?" तो बाहेरूनच ओरडला. "एक लबाड आलाय, हजेरी लावायला!"

त्याने तारेचा जुना कंट्रोलर घेतला, मी काळा. तो हातात वाटला होता त्याहून जड आहे आणि जडपणा उपयोगी पडतो. दांडी हलते, रणगाडा हलत नाही. मला जेव्हा जायचे असते तेव्हाच जातो. सेकंदाला साठ वेळा प्रश्न येतो आणि माझ्या वतीने कोणीतरी फक्त मला म्हणायचे आहे तेवढेच सांगतो.

पहिला डाव हरलो. दुसरा हरलो, पण थोडक्यात. तिसऱ्यात तोक्तोसुनचा रणगाडा माझ्या किल्ल्यासमोर, उघड्या भगदाडापुढे, जवळजवळ दोन सेकंद स्तब्ध उभा राहिला. तेवढ्यात मी वळसा घेऊन त्याचा किल्ला पाडला.

"तू थांबलास," मी म्हणालो.

"मी? गाढवी अडली. तीस वर्षांची आहे, अडते कधीकधी."

"त्या कंट्रोलरमध्ये काहीही बिघाड नाही. गेनादीने तपासला आहे."

"मग माझं डोकं अडलं. त्यावरही सभा भरवणार?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. चाळीस वर्षे घाट चढलेला चेहरा. त्यावरून काही वाचता येत नाही. माझा संशय दृढ आहे. पुरावा मात्र नाही, आणि संशयाचा फायदा आरोपीला, हा नियम माझ्याच सभेचा. डाव माझ्या नावे मांडला.

मेरीमने चहा ओतला. वाटी मी दोन्ही हातांनी घेतली.